घरचं कंपोस्ट: पावसाळ्याआधी पाचटाची तीन पोती

ओला कचरा घरात रोज आपोआप तयार होतो. कंपोस्टला लागणारा कोरडा माल मात्र आपोआप येत नाही, तो आधी जमवून ठेवावा लागतो. उन्हाळ्यात उत्साहानं सुरू केलेली बादली जुलैत वास मारायला लागते, तिच्यात अळ्या होतात, तळातून काळं पाणी गळतं आणि घरातली माणसं वैतागून ती बंद करतात. अशा बादलीत दहापैकी नऊ वेळा कमी पडलेला असतो तो कोरडा मालच. कोल्हापुरात तरी असं व्हायला नको. शहराच्या चारी बाजूंना ऊस आहे. तोडणी झाली की शिवारात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवलेलं दिसतं, आणि त्याच दिवसांत शहरात गच्चीवर बाग करणारे लोक कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुग्याच्या) विटा विकत आणतात. ते पाचट थोडं जरी घरी आलं, तरी वर्षभराचं खत निर्धास्त होतं. म्हणून या लेखात सालींपेक्षा पाचटाबद्दल जास्त लिहिलं आहे.

बादलीत काय चालतं

साली, देठं, पाला कुजवण्याचं काम जिवाणू आणि बुरशी करतात. हवा मिळाली तर ते मालातला कर्ब (कार्बन) खातात, त्यातून उष्णता, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि मागं काळसर, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत उरतं. हवा मिळाली नाही तर हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे वाढतात. ते आंबट आम्लं आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करतात. त्यामुळे घाण वास आला की समजायचं, आत हवा पोचत नाही. आणि हवा बहुतेक वेळा पाण्यामुळे अडते, कारण ओला माल दबून बसतो आणि मधल्या फटी पाण्यानं भरतात.

दुसरी गोष्ट खुराकाची. जिवाणूंना ताकदीसाठी कर्ब लागतो आणि शरीर बांधायला नत्र (नायट्रोजन). २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र असं प्रमाण असलं की काम जोरात चालतं. भाजीच्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण १५ ते २० असतं, म्हणजे नत्र जास्त. ताज्या शेणातही जवळपास तेवढंच. वाळलेल्या पाल्यात ४० ते ८०, पाचटात ८० ते १२०, आणि लाकडाच्या भुशात ३०० च्याही पुढे. ओलं आणि कोरडं मिसळून मधला आकडा गाठायचा.

हे एकदा हिशेब करून बघण्यासारखं आहे. १० किलो भाजीच्या कचऱ्यात ८ किलो नुसतं पाणी असतं. उरलेल्या २ किलोत साधारण ९०० ग्रॅम कर्ब आणि ५० ग्रॅम नत्र. त्यात २ किलो वाळलेलं पाचट घातलं, तर आणखी ८०० ग्रॅम कर्ब आणि १० ग्रॅम नत्र आलं. एकूण १७०० ला ६०, म्हणजे २८ ला १. कर्ब-नत्र जमलं. आता पाणी बघा. १२ किलोच्या मिश्रणात ८ किलोच्या वर पाणी, म्हणजे ६८ टक्के. कंपोस्टला ५० ते ६० टक्के ओल हवी. म्हणजे कर्ब-नत्राचं गणित सुटूनही बादली सडणार. पाचट ३ किलो केलं तर ओल ६४ टक्क्यांवर येते आणि कर्ब-नत्र ३२ च्या आसपास जातं. थोडं पाणी पुढे वाफ होऊन उडतं, त्यामुळे हे चालतं.

तेव्हा लक्षात ठेवायचं माप असं: १ किलो ओल्या कचऱ्याला ३०० ग्रॅम वाळलेलं, बारीक केलेलं पाचट. वजनाला हे कमी वाटतं, पण पाचट हलकं असतं. १ किलो चिरलेला ओला कचरा दोनेक लिटर जागा घेतो आणि ३०० ग्रॅम पाचट चार-पाच लिटर. म्हणजे डब्याच्या मापानं मोजलं तर ओल्याच्या दुपटीहून थोडं जास्तच. ‘एकास एक’ हे जे माप सगळीकडे सांगितलं जातं, ते कोकोपीटसारख्या दाट मालाला कसंबसं पुरतं, पाचटाला अजिबात पुरत नाही.

कोरडा माल कुठून आणायचा

चौघांच्या घरात रोज साधारण ८०० ग्रॅम ओला कचरा निघतो असं धरू. त्याला दिवसाला २४० ग्रॅम पाचट लागेल. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचं मिळून २९ किलो. धान्याच्या मोठ्या पोत्यात तुडवून भरलं तर १० किलोच्या आसपास मावतं. म्हणून निदान तीन पोती. ही मे संपायच्या आत घरात पाहिजेत, कारण पाऊस लागल्यावर मिळणारं पाचट भिजलेलं असतं आणि भिजलेलं पाचट पाणी शोषून घ्यायच्या कामाचं नसतं.

वडणगे, शिये, शिरोली, कसबा बावडा, कुठल्याही बाजूला जा, ऊस आहेच. गळीत हंगामाच्या उत्तरार्धात, जानेवारीपासून पुढे, ओळखीच्या शेतकऱ्याला तोडणी झाली की पेटवण्याआधी निरोप द्यायला सांगा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यातली तीन पोती कुणालाही जड नाहीत. पाचटाची खरी जागा त्याच शेतात, खोडव्याच्या (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाच्या) सरीत पसरून कुजवण्याची आहे. जो शेतकरी ते न जाळता रानातच ठेवतो, त्याच्याकडून मागू नका. जिथं काडी लागणार आहे तिथूनच आणा. आणताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला, कारण पानांची कड हात कापते. घरी आणून कोयत्यानं किंवा विळीवर दोन-तीन इंचाचे तुकडे करा. लांब पाचट बादलीत गुंतून बसतं, खालीवर करता येत नाही आणि कुजायलाही फार वेळ घेतं. पोती भिंतीला टेकवू नका. विटांवर फळी टाकून, वर छप्पर असेल अशा ठिकाणी ठेवा.

पाचट मिळालंच नाही तर दुसरे पर्याय आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सोयाबीनचं भुसकट सगळ्यांत चांगलं: बारीक असतं, लवकर कुजतं. भुईमुगाची टरफलं पायाखाली चुरडून घातली तर उत्तम. भाताचं तूस कुजायला फार चिवट असतं, त्यात सिलिका भरपूर. पण ते मिश्रण पोकळ ठेवतं. म्हणून कोरड्या मालाच्या पाव भागापर्यंतच घ्या. गोठ्यात जनावरांनी खाऊन उरलेली वैरण मिळाली तर ती सोडू नका. तिला शेण-मूत लागलेलं असतं, ते खताच्या फायद्याचंच. रसवंतीवरचं चिपाड फुकट मिळतं (गुऱ्हाळावरचं मिळणार नाही, ते चुलवाणात जळणाला लागतं), पण त्यात साखर आणि ओल उरलेली असते. तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय ते वापरलं तर मुंग्या आणि माश्या दोन्ही येतात. लाकडाचा भुसा वखारीतून आणत असाल तर तो नुसत्या लाकडाचाच आहे ना हे विचारून घ्या. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात रासायनिक गोंद असतो, तो भाजीच्या मातीत नको. भुसा निम्म्याहून जास्त घेऊ नका, कारण तो दबून बसतो आणि नत्र अडवून धरतो. आंब्या-फणसाची पानं मेणचट असतात, ती चुरडूनच घाला. अंड्यांचे कागदी ट्रे भिजवू नका, कोरडेच फाडून टाका, ते पाणी फार छान शोषतात.

कोकोपीट वापरणारे एक चूक हमखास करतात. वीट पाण्यात फुगवून मग बादलीत टाकतात. ओला कचरा कोरडा करायला ओलाच माल घातला तर काय उपयोग? वीट हातोडीनं फोडून कोरडीच घाला. शिवाय कोकोपीट सहसा कुजत नाही. महिन्याभरात बादली काळी दिसायला लागली तरी त्यातला बराचसा भाग न कुजलेलं कोकोपीटच असतं.

ड्रम, भोकं आणि सुरुवात

चौघांच्या घराला झाकणाचे १०० लिटरचे दोन ड्रम पुरतात. एक भरायला साधारण अडीच महिने लागतात, आणि तो भरून मुरत ठेवला की दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिला तयार होतो. दोघांच्या घराला ५० लिटरचे दोन. रंगाची २० लिटरची बादली शिकायला ठीक आहे, पण ती पंधरा-वीस दिवसांत भरते आणि मग तीन-चार बादल्यांची रांग लागते.

ड्रमच्या चारी बाजूंना दर १० सेंटीमीटरवर ८ ते १० मिलिमीटरची भोकं पाडा. ड्रिल नसेल तर तापवलेल्या सळईनं पडतात, ते काम उघड्यावर करा, कारण प्लास्टिकचा धूर वाईट. तळाला आठ-दहा भोकं. बाहेरून मच्छरदाणीची जाळी गुंडाळून तारेनं बांधा. मधोमध भोकं पाडलेला दोन-तीन इंची पीव्हीसी पाइप उभा ठेवला तर गाभ्यात हवा पोचते. मोठ्या ड्रमला हा पाइप मी आवश्यकच मानतो. ड्रम विटांवर ठेवा, खाली जुनी परात. जागा सावलीची हवी. गच्चीवर एप्रिल-मेच्या उन्हात ड्रम ठेवला तर कडा वाळून कुजणं थांबतं आणि ते वरून कळतही नाही.

तळाला चार-पाच इंच जाडसर माल घाला: तुराट्या, काटक्या, वाळलेलं चिपाड. त्यावर तीन-चार इंच कोरडं पाचट. त्यावर विरजण म्हणून एक-दोन किलो जुनं कंपोस्ट. जुनं खत नसेल तर गोठ्यातलं अर्धवट सुकलेलं शेण किलोभर, हातानं मोकळं करून. आंबट ताक, गूळपाणी, बाजारातल्या पुड्या यांचा आग्रह नको. कुजवणारे जिवाणू सालींवरच बसून येतात. विरजणानं सुरुवातीचा आठवडाभर वाचतो, एवढाच त्याचा उपयोग. गूळपाणी जास्त झालं तर उलट पाणी वाढतं आणि मुंग्या येतात.

रोजचं काम

कचरा इंच-दीड इंचाचे तुकडे करून टाका. तुकडा जितका लहान तितकं जिवाणूंना खायला पृष्ठ जास्त. पण मिक्सरमधून काढू नका, लगद्यात हवा राहत नाही. भाजी धुतल्यावर साली चाळणीत निथळू द्या. हे अर्ध्या तासाचं निथळणं पावसाळ्यात फार मोठा फरक करतं. चहाचा चोथा धुऊन, पिळून घ्या, म्हणजे साखर-दूध निघून जाईल.

ओला कचरा टाकल्यावर मोजून कोरडा माल टाका. दोन लिटरचा एक डबा ओल्यासाठी ठरवा आणि त्याच डब्यानं अडीच डबे पाचट. निम्मं पाचट ओल्यात मिसळायचं, निम्मं वर पसरायचं, इतकं की खालची एकही साल दिसता कामा नये. चिलटं आणि माश्या अंडी घालतात ती उघड्या सालींवर. वरचं हे पांघरूण इंचभर असलं की त्यांना जागा मिळत नाही.

तीन-चार दिवसांनी एकदा वरचा फूटभर थर खुरप्यानं किंवा आकड्यानं खालीवर करा. महिन्यातून एकदा सगळा माल घमेल्यात किंवा ताडपत्रीवर काढून पुन्हा भरला तर उत्तम, पण भरत्या ड्रमला ते दरवेळी जमत नाही आणि नाही जमलं तरी बिघडत नाही.

ओल तपासायची रीत: मधल्या थरातला मूठभर माल घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला, तर बरोबर. धार लागली तर जास्त ओलं. गोळाच झाला नाही तर कोरडं, तेव्हा पाणी शिंपडा. कोल्हापुरात कोरडं पडण्याची अडचण फेब्रुवारी ते मे एवढीच येते.

जून ते सप्टेंबर हवाच दमट असते, ड्रममधून वाफ उडत नाही. या काळात पाचटाचं माप दोन लिटरच्या डब्याला अडीचऐवजी तीन डबे करा, झाकणावर पाऊस थेट पडू देऊ नका आणि निथळण्याचा नियम मोडू नका. तळाच्या परातीत काळं पाणी साचू लागलं तर माल ओला झाला हे समजायचं. हे पाणी गांडूळखताचं पाणी नव्हे. त्यात न कुजलेली आम्लं असतात. एका मापाला दहा मापं साधं पाणी घालून ते जास्वंद, मोगरा अशा झाडांच्या मुळाशी द्यावं, पालेभाजीवर शिंपडू नये.

काय घालायचं नाही, आणि का

तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातली हाडं आणि मटणाचे तुकडे ड्रममध्ये नकोत. कुजत नाहीत असं नाही, पण घरच्या ड्रमला तेवढी उष्णता साधत नाही, त्यामुळे ते आधी सडतात आणि उंदीर-घुशी, मांजरं येतात. मिसळीचा उरलेला कट, तळणाचं तेल, लोणच्याचा खार: तेल तुकड्यांवर थर धरतं आणि हवा अडवतं, मीठ मातीत साठतं. उरलेला भात, भाकरी थोडी चालते, ओंजळीहून जास्त नको. एकदम पातेलंभर भात टाकला की तो गोळा होऊन आंबतो.

लिंबू-संत्र्याच्या साली बारीक चिरून, थोड्या. आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या नकोत. अंड्यांची टरफलं वाळवून कुटून घाला. देवाच्या पूजेचं निर्माल्य चांगला माल आहे, पण हारातला दोरा, जरी, तार, प्लास्टिक काढल्याशिवाय नाही. गणपतीत आणि नवरात्रात हे काम रोजच्या रोज केलं तर फुलं नदीकडं न जाता झाडाच्या मुळाशी येतील. दुर्वा आणि झेंडू दोन्ही लवकर कुजतात.

चुना आणि चुलीची राख मूठभरापलीकडे नको. दोन्हींमुळे मिश्रण अल्कधर्मी होतं आणि त्यातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. आंबट वास आला की चुना टाकायचा हा सल्ला अनेकजण देतात. त्यानं वास दबतो, पण खत हलकं होतं. बी धरलेलं गाजर गवत नको. फुलावर येण्याआधी उपटलेलं चालतं. जलपर्णी मिळते म्हणून आणू नका: तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी, आणि सांडपाण्यात वाढलेल्या जलपर्णीत जड धातू साठलेले असू शकतात. भाजीच्या वाफ्यात ते कशाला आणायचे? रोग लागलेली टोमॅटो-मिरचीची झाडंही बाहेरच ठेवा.

बिघडलं कसं ओळखायचं

वास हे पहिलं लक्षण आणि तो तीन प्रकारचा असतो. आंबट वास म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी, नुकतंच बिघडायला लागलंय. कोरडं पाचट मिसळून खालीवर करा, दोन दिवसांत जातो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत पूर्ण हवाबंद झालंय. सगळा माल बाहेर काढून ताडपत्रीवर अर्धा दिवस सावलीत पसरा, पाचट आणि थोडं तूस मिसळा, तळाची बुजलेली भोकं सळईनं मोकळी करून पुन्हा भरा. तिसरा वास नाकाला झोंबणारा, अमोनियाचा. तो नत्र जास्त झाल्याचा: एकदम पुष्कळ शेण, मेथी-कोथिंबिरीच्या देठांचा ढीग किंवा हिरवं गवत. त्यावर भुसा किंवा फाटका पुठ्ठा हा चांगला उतारा, कारण त्यात कर्ब भरपूर.

ड्रममध्ये चपट्या, राखाडी-तपकिरी, दोनेक सेंटीमीटरच्या अळ्या वळवळताना दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही घरमाशी नव्हे. तिची मोठी माशी अन्नावर येऊन बसत नाही, चावत नाही, आणि अळ्या कचरा फार झपाट्यानं संपवतात. पावसाळ्यात त्या जास्त येतात. नकोच असतील तर कोरडा माल वाढवा, त्या कोरड्यात राहत नाहीत. घरमाशीच्या अळ्या पांढऱ्या, बारीक आणि टोकदार असतात. त्या दिसल्या तर वरचा थर उघडा राहतोय.

मुंग्यांची रांग लागली तर माल कोरडा पडलाय, पाणी शिंपडून खालीवर करा. पांढरी बुरशी दिसली तर ती कामावर आहे, तिला हात लावू नका. मात्र दमा असलेल्यांनी बुरशीचा कोरडा माल हलवताना तोंडाला फडकं बांधावं. टोमॅटो-भोपळ्याची रोपं उगवली तर उपटून पुन्हा आत टाका. ड्रममध्ये बी मरण्याइतकी उष्णता होत नाही, हाच त्याचा अर्थ.

काहीच घडत नाही, महिना झाला तरी साली तशाच, अशी तक्रारही असते. बहुतेक वेळा माल फार कोरडा असतो, किंवा सगळा कोरडा माल भुसा अथवा कोकोपीट असतं आणि नत्र कमी पडतो. किलोभर ताजं शेण थोड्या पाण्यात कालवून मिसळा. हात घालून गाभा कोमट लागला की गाडी रुळावर आली.

तयार झालं की नाही

ड्रम भरल्यावर त्यात नवा कचरा टाकायचा नाही. आठवड्यातून एकदा खालीवर करत ६० ते ७५ दिवस, थंडीत आणि पावसाळ्यात तीन महिने मुरू द्या. या काळात माल निम्म्याहून खाली बसतो. इथं लोक घाई करतात आणि त्याची किंमत झाडं देतात. अर्धवट खत कुंडीत घातलं तर जिवाणू उरलेला कर्ब खाण्यासाठी मातीतला नत्र ओढून घेतात. आठ-दहा दिवसांत रोपाची खालची पानं पिवळी पडतात, आणि आपण खत दिलं असताना झाड उपाशी राहतं. शिवाय न कुजलेल्या आम्लांनी कोवळी मुळं भाजतात.

दोन चाचण्या घरीच होतात. पहिली: ओलसर खत मूठभर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक, आंबट किंवा उग्र वास आला तर अजून मुरायला हवं. दुसरी चाचणी जास्त भरवशाची आहे, तिला हाळीव लागतात, तेच बाळंतिणीच्या लाडवातले. कंपोस्ट तपासायला जगभर हेच बी वापरतात, कारण ते चार-पाच दिवसांत उगवतं आणि आम्लांना फार नाजूक असतं. एका वाटीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती निम्मं खत. प्रत्येकीत २५ दाणे, न भिजवता, वर हलकं पाणी. सहाव्या दिवशी मोजा. मातीत २० उगवले असतील आणि खताच्या वाटीत १६ किंवा जास्त, तर खत तयार. कमी असतील किंवा मुळांची टोकं तपकिरी असतील तर आणखी तीन आठवडे थांबा.

तयार खत पाव इंची जाळीतून चाळा. वर उरलेल्या काड्या पुढच्या ड्रमच्या तळाला विरजणासकट जातात. महिन्याला २४ किलो ओला आणि ७ किलो कोरडा माल घातला तर हाती ८ ते १० किलो खत येतं.

परसात जागा असेल तर

मोकळी जागा असेल आणि गल्लीतली तीन-चार घरं एकत्र येत असतील, तर ड्रमपेक्षा ढीग चांगला. ढीग लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक मीटर असेल तरच आत ५५ अंशांच्या वर उष्णता टिकते, आणि ती तीन दिवस टिकली की बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. त्याहून लहान ढीग बाजूंनी निवतो. ढिगात लोखंडी सळई खोचून पाच मिनिटांनी बाहेर काढा. हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. ढीग रचून, पलटून खत करण्याची शिस्तशीर पद्धत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात बसवली. आजही तोच पाया आहे.

शेतावर मोठ्या प्रमाणात करायचं असेल तर पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी पाहावी. विटांची, भिंतींना भोकं ठेवलेली, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, त्याला फक्त ९० ते १०० किलो शेण, पावणेदोन टनांच्या आसपास चाळलेली माती आणि पाणी. तीन ते चार महिन्यांत खत. शेण इतकं कमी पुरतं, कारण हवेचं काम भिंतीतल्या भोकांवर सोपवलंय. पाचट ज्याच्या रानात पडून आहे त्याला ही टाकी फार सोयीची.

झाडांना किती

नव्या कुंडीसाठी माती ४ भाग, कंपोस्ट ३ भाग आणि तूस किंवा कोकोपीट ३ भाग. आपल्याकडची काळी माती कुंडीत चिकटून बसते, तेव्हा ती वापरत असाल तर तूस थोडं वाढवा. पन्हाळा-जोतिबाकडची तांबडी माती निचऱ्याची असते, तिला कंपोस्ट ४ भाग चालतं. नुसत्या कंपोस्टमध्ये बी पेरू नका.

१२ इंची कुंडीतल्या मिरची, वांगी, टोमॅटोला महिन्यातून एकदा २०० ग्रॅम खत, वरची माती हलवून, खोडापासून तीन-चार बोटं दूर. तुळस, मोगरा, जास्वंदीला दोन महिन्यांतून एकदा १०० ग्रॅम. वाफ्यात हंगामाच्या सुरुवातीला चौरस मीटरला २ ते ३ किलो मिसळा. घरच्या कंपोस्टच्या कोरड्या वजनात नत्र १ ते दीड टक्का असतो आणि तो हळूहळू सुटतो. फळं धरलेल्या वांग्याला तेवढं पुरत नाही. त्याला घाण्यावरची शेंगदाण्याची पेंड चमचाभर, दोन दिवस पाण्यात भिजवून, पंधरवड्याला द्या. पेंड कोरडी टाकली तर मुंग्या येतात.

उरलेलं खत प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नका, त्यातले जिवाणू गुदमरतात आणि खत आंबतं. गोणपाटाच्या पोत्यात, सावलीत, किंचित ओलसर ठेवा आणि सहा महिन्यांच्या आत वापरा.